बंदीच्या दिवसांतलं पत्र

"ती गो, कॉम्प्युटरार घोव घालवल्यान ती!"

मी भिंतीकडे तोंड करून प्लग शोधत होते. संगणकामुळे नवरा गमावलेल्या कुणाला तरी पाठीमागे बाकांवर बसलेल्या चार-पाच जणी खळखळून हसल्या.

"खंयची ती?"

"आमच्या आयेची धाकटी सून. वालावलची. म्हायेरीच आसा आता."

"काय केल्यान काय तिना?"

"घोवाक पत्र धाडल्यान कॉम्प्युटरातसून, चतुर्थीक येव नको म्हणान. तो कसलो येता मगे!"

"शिरा पडली त्या कॉम्प्युटराच्या तोंडार!"

पुन्हा हशा. मग एकदम सगळ्या गप्प झाल्या, म्हणून मी वळून पाहिलं. दारात आये उभ्या होत्या. छत्री झटकून त्यांनी ती कोपऱ्यात उभी केली, पदराने तोंड पुसलं आणि पहिल्या बाकावर येऊन बसल्या. वाडीत सगळेच त्यांना आये म्हणतात. सहा वर्षांत त्या फार वाकल्या आहेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण ओळखलं नाही. मीही ओळख दिली नाही.

तोंडवलीच्या शाळेतला हा वर्ग पंचायतीने मला तासभरासाठी दिला होता. बचत गटाच्या बायकांना 'संगणक आणि मोबाइल जपून कसा वापरावा' ते समजावून सांगायचं होतं. मी एका कार्यालयात संगणक विभागात काम करते, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. 'तुम्ही इंग्लिश मीडियमच्या, तुम्हाला सोपं जाईल,' असं ग्रामसेवक फोनवर म्हणाले होते. मी कागदावर अकरा मुद्दे लिहून आणले होते. पहिला मुद्दा होता: पासवर्ड कोणालाही सांगू नये. प्लगमध्ये पिन बसेना.

जुलै होता, मासेमारीच्या बंदीचे दिवस. शाळेच्या खिडकीतून किनाऱ्यावर ओढून घेतलेल्या होड्या दिसत होत्या. त्यांच्यावर नारळाच्या झावळ्यांची झापं टाकली होती, झापांवर निळं प्लास्टिक, प्लास्टिकवर दगड. होडी अशी झाकली की तिची फक्त नाळ, म्हणजे पुढचं टोक, उघडं राहतं. तेवढं एक टोक पावसात भिजत रस्त्याकडे बघत बसलेलं असतं. भिजलेल्या झापांना एक कुबट, गोडसर वास येतो. तो वास नाकात गेला की मी खिडकी लावून घेते. बाकीच्यांना तो वास विश्रांतीचा वाटतो. जाळी दुरुस्त करायची, दुपारी झोपायचं, बाजारात सुकी मासळी विकायची, चतुर्थीची वाट बघायची.

माझी बारावी झाली त्या वर्षीच्या बंदीत मी मालवणात मामाच्या सायबर कॅफेत बसत होते. चार संगणक, एक पंखा, दारावर मण्यांचा पडदा. फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडलं जाताना मोडेम जो आवाज करायचा, तो मला आजही कधीकधी ऐकू येतो. कुठेतरी लांब कोणाला तरी खरवडल्यासारखा. कॉलेज सुरू व्हायला वेळ होता. मामाला इंग्रजी टाइप करणारं कोणीतरी हवं होतं आणि मला लोकांशी न बोलता लोकांत बसायला आवडायचं. पडद्याकडे बघत राहिलं की कोणी फार बोलायला येत नाही, असं मला वाटलं होतं.

झालं उलटंच. मालवणातल्या, तोंडवलीतल्या कितीतरी घरांतले पुरुष बोटीवर होते. ही होडी नव्हे, मोठी मालवाहू जहाजं. कुठल्यातरी बंदराला जहाज लागलं की ते ईमेल वाचायचे आणि उत्तर लिहायचे. त्यांच्या आया, बायका सोमवारी बाजाराला आल्या की पाटी दाराबाहेर ठेवून आत यायच्या. "बाय, माझ्या झिलाचा इला काय गो?" असं दारातूनच विचारायच्या. मुलाचं पत्र आलं असलं तर मी मोठ्याने वाचायचे. पूर्वी पोस्टमन पत्र वाचून दाखवायचा तेव्हा सगळी वाडी खळ्यात, म्हणजे अंगणात, जमायची, तसंच हे. माझ्या मागे सात-आठ जणी उभ्या. एकीचं पत्र, सगळ्यांचं हसू आणि सगळ्यांचे सल्ले. उत्तरही तसंच. एकीने सांगायचं, दुसरीने त्यात भर घालायची आणि मी रोमन अक्षरांत मालवणी टाइप करायची.

पासवर्ड लागतो हे मी सांगितलं तेव्हा त्या हसल्या होत्या. "ता तुझ्याकडेच ठेव," एक जण म्हणाली. बाजाराला जाताना घराची चावी शेजारी ठेवायची, तसं. पण मला ते नको होतं. मी शाळेत शिकले होते की पासवर्ड ज्याचा त्याला पाठ पाहिजे. मग मला एक युक्ती सुचली. मी प्रत्येकीला सगळ्यांसमोरच विचारायचे, "तुमच्या होडीचं नाव काय?" त्या झटकन सांगायच्या. होडीचं नाव कोण विसरेल? तेच पासवर्ड. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं. तीसेक घरांचे पासवर्ड मी असे ठरवले. ते नाव हातभर अक्षरांत, एका अंगाला मराठीत आणि दुसऱ्या अंगाला इंग्रजीत, होडीच्या नाळेवर रंगवलेलं असतं आणि बंदीत तर ते दिवसभर रस्त्याकडे तोंड करून उभं असतं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

वयनीच्या घरच्या होडीचं नाव 'सातेरी कृपा' होतं.

वयनी म्हणजे आयेंची धाकटी सून. तिला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती आयेंच्या मागे, दाराच्या पडद्याचे मणी आवाज करू नयेत म्हणून हाताने धरून उभी होती. आये पत्र सांगायच्या: पाऊस, कौलं, थोरल्याचं पोट, यंदाची सुकट. शेवटी त्या उठून पाटीकडे गेल्या की वयनी खाली वाकायची आणि अगदी हळू म्हणायची, "बाय, आता माझा एक वाक्य घाल."

ती वाक्यं मला अजून आठवतात. 'तुमचो निळो शर्ट धुवून पेटीत ठेवलंय.' 'तुमचा अंथरूण उन्हात घालूक ऊनच गावणा नाय.' एकदा ती नुसतंच म्हणाली, "लिव, हंय सगळी बरी आसत. मी पण." तेवढंच. 'मी पण' टाइप करताना मला उगाच लाज वाटली होती. दुसऱ्याच्या घरात चुकून आतल्या खोलीपर्यंत गेल्यावर वाटते तशी. ती नवऱ्याला कधी नावाने हाक मारत नसे. त्याला ती नेहमी 'तुमी' म्हणायची.

त्या वर्षी तो चतुर्थीला येणार होता. दोन वर्षांनी. आयेंनी हे कॅफेतल्या प्रत्येकीला निदान तीनदा सांगितलं असेल. "बाबल येतलो!" घरात त्याला बाबल म्हणायचे. वयनी काही बोलायची नाही, पण त्या दिवसांत तिने पडद्याचे मणी हाताने धरायचं सोडून दिलं होतं. ती आत आली की आवाज व्हायचा.

मग मोठं वादळ झालं. पोफळी पडल्या, खांब पडले, सगळ्या तालुक्यात तीन दिवस लाईट नव्हती. तोंडवलीचा रस्ता झाडं पडून बंद होता. कॅफेत मामा आणि मी दाराशी खुर्च्या टाकून पाऊस बघत बसलो होतो. ते तीन दिवस मला इतके स्वच्छ का आठवतात, ते पुढे सांगते.

पुढच्या सोमवारी आये आल्या, मागे वयनी, त्यामागे आणखी चार-पाच जणी.

"इला काय गो बाबलाचा?"

आलं होतं. मी नेहमीसारखं मोठ्याने वाचायला सुरुवात केली. 'तुझा पत्र वाचलंय. तुका म्हायेरी जावचा आसा तर जा. मी करार वाढवून घेतलंय. चतुर्थीक येणय नाय.'

मी थांबले.

"खालचा वाच," आये म्हणाल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण उत्तराखाली ज्याचं उत्तर ते पत्र असतं, हे त्यांना एव्हाना माहीत झालं होतं.

"आये..."

"वाच म्हटलंय मां!"

मी वाचलं. सासूजवळ राहायचं नाही, नवरा नको, हे सगळं माझ्याच आवाजात वाचलं. 'बाबल, तू चतुर्थीक येव नको. माका तुझ्या आवशीवांगडा रवाचा नाय. मी म्हायेरी जातंय. माका तू नको.'

आये वळल्या. "नाव घेता घोवाचा! तू म्हणता! ऐकलास मां सगळ्यांनी?"

"आये, मी नाय," वयनी म्हणाली. "देवाशपथ. माका लिवक खंय येता?"

"लिवणारी बसली आसा नाय समोर!"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मामा गल्ल्यावरून उठून आला. "तू लिहिलंस का हे?" त्याने विचारलं.

पत्राच्या वर तारीख होती. ती माझ्या डोळ्यांसमोर होती, मुंगीएवढ्या अक्षरांत. वादळाचा दुसरा दिवस. त्या दिवशी मालवणात एकही दिवा लागत नव्हता आणि वयनी तोंडवलीच्या बाहेर पाऊल टाकू शकत नव्हती. हे पत्र लाईट असलेल्या कुठल्यातरी गावातून, दुसऱ्याच कोणीतरी, तिच्या नावाने लिहिलं होतं. हे मला त्या क्षणी कळलं. त्या माणसाला पासवर्ड कुठून मिळाला, तेही कळलं. रस्त्यावरून जाणाऱ्या, होडी ओळखणाऱ्या कोणालाही मिळाला असता. तो मीच तिथे ठेवला होता.

तारखेचं सांगितलं असतं तर मामाने पुढचा प्रश्न विचारला असता. मग तीस घरांना कळलं असतं की त्यांच्या सगळ्या पत्रांना मी कडीच घातली नव्हती.

"नाही," मी म्हणाले.

खरं होतं ते. मी लिहिलं नव्हतं. पण त्या एका शब्दाने मी बाजूला झाले आणि वयनी एकटीच मधे उरली. "म्हंजे हिनाच कोणाकडना तरी लिवून घेतल्यान," कोणीतरी म्हणालं आणि तिथे ते संपलं. आयेंनी पाटी उचलली. वयनी त्यांच्या मागे गेली. जाताना तिने पडद्याचे मणी दोन्ही हातांनी धरले होते.

त्याच दुपारी मी सगळ्या तीस घरांचे पासवर्ड बदलले. एकेक खातं उघडायचं, जुनं नाव पुसायचं, नवीन घालायचं. होडी नाही, देव नाही, कोणाला सुचणार नाही असं काहीतरी. ज्यांनी विचारलं त्यांना सांगितलं, "कंपनीने बदलायला सांगितलंय." कोणी संशय घेतला नाही. बोटीवर पत्र लिहून बाबलला खरं कळवावं, असं मी तीनदा ठरवलं. एकदा तर लिहायलाही घेतलं. इंग्रजीत, कारण इंग्रजीत मला कमी लाज वाटते. 'Dear Sir' लिहिलं आणि पुसलं. नंतर कळलं की त्याचं जहाज पुढे निघून गेलं होतं. महिनाभर कुठलंच बंदर नव्हतं.

चतुर्थीच्या आठवडाभर आधी वयनीला तिचा भाऊ घेऊन गेला. ट्रंक, एक पिशवी. हे मी पाहिलं नाही, ऐकलं.

ते पत्र कोणी लिहिलं, मला आजही माहीत नाही. कोणी थट्टा केली की कोणाचा राग होता, कोण जाणे. त्या पावसाळ्यात कॅफेत येणाऱ्या प्रत्येकाकडे मी बघत राहायचे. छत्री मिटणारा माणूस, हसून 'बरी मां?' विचारणारी बाई. यांच्यातलं कोणीतरी असेल. नसेलही. गावात राहून गावातल्या एकाही चेहऱ्यावर भरवसा ठेवता येऊ नये, हे फार थकवणारं असतं. पुढे मी कुडाळला शिकायला गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं अभ्यासाची आवड.

दोन वर्षांनी कुडाळच्या एसटी स्टँडवर वयनी भेटली. ती शाळेत खिचडी शिजवायचं काम करत होती. हाताला हळदीचा वास होता. मी खांबाआड जाणार होते, पण तिनेच हाक मारली. "बाय! शिक्षान झाला काय गो तुझा?" माझी आई, मामा, कॅफे, सगळ्यांची चौकशी तिने केली. मग वालावलच्या गाडीकडे बघत, जसं पावसाबद्दल बोलावं तसं म्हणाली, "माका अजून कळाक नाय बाय. ता लिवल्यान कोणी?"

तिने मला दोष दिला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. माझ्या तोंडात शब्द आले होते. तेवढ्यात गाडी लागली, लोक धावले, तीही धावली. पाच मिनिटं होती. मला एक मिनिट पुरलं असतं.

आता मी ज्या कार्यालयात काम करते तिथे साहेबांचा पासवर्ड शिपायालाही पाठ आहे. एका टेबलावर तो कीबोर्डखाली चिकटवलेला आहे, दुसऱ्या टेबलावर कॅलेंडरवर पेनाने. चतुर्थीच्या रजेवर जाणारा कारकून शेजारच्याला आपला पासवर्ड सांगून जातो, घराची चावी देऊन जावी तसा, आणि शेजारच्याला त्यात मान वाटतो. मी त्यांना समजावते. ते म्हणतात, "मॅडम, इथे परका कोण आहे?" कोणाला आपला माणूस चोर आहे असं बोलून दाखवायचं नसतं. कडी लावणं म्हणजे शेजाऱ्याचा अपमान, असं आमच्याकडे वाटतं. मला ते समजतं. म्हणूनच मी त्यांच्यावर ओरडू शकत नाही. फक्त त्यांच्यामागे जाऊन त्या चिठ्ठ्या काढून फाडते आणि फाडताना मला रोमन अक्षरांत लिहिलेलं 'सातेरी कृपा' दिसतं.

शेवटी तोंडवलीच्या वर्गात प्लग बसला. पडद्यावर पहिला मुद्दा उमटला. मी वाचत गेले. आवाज बरा लागला होता. सोपे पासवर्ड ठेवू नयेत. मुलाचं नाव, देवाचं नाव, होडीचं नाव... इथे मी थोडी अडखळले, पण कोणाच्या लक्षात आलं नाही. मोबाइलवर आलेला आकडा कोणाला सांगू नये. ओळखीच्या माणसाच्या नावाने निरोप आला तरी त्याला फोन करून खात्री करावी. बायका माना हलवत होत्या, एक जण पेंगत होती.

"म्हंजे, बाय," पहिल्या बाकावरून आये म्हणाल्या, "दुसऱ्याच्या नावान कोण पण लिवूक शकता?"

मघाशी हसलेल्या बायका आपापल्या पायांकडे बघायला लागल्या.

"हो," मी म्हणाले.

"आणि वाचणाऱ्याक ता कळना नाय?"

"नाही कळत. बहुतेकदा नाही कळत."

आयेंचे हात मांडीवर होते, एक बोट दुसऱ्या बोटावर घासत होतं. "मगे कोणाक तरी कळतला काय?" त्यांनी विचारलं. त्या मला विचारत नव्हत्या. सहा वर्षं घरात बसून स्वतःलाच विचारलेला प्रश्न चुकून मोठ्याने बाहेर पडला होता.

माझ्यासमोर अजून सात मुद्दे होते. मी कागद उलटा ठेवला. टेबलाच्या पुढे आले आणि त्यांच्या बाकाजवळ खाली बसले, त्यांना माझं तोंड दिसेल इतकी जवळ. त्यांनी डोळे बारीक केले. मला वाटतं, त्यांनी मला तेव्हाच ओळखलं.

"आये," मी म्हणाले, "वयनीन ता पत्र लिवलेला नाय. माका त्याच दिशी कळला होता, आणि मी गप रवलंय."